पिकअपला पुढचे दोन टायर कुठले टाकू? बजेट १४ हजार

टमाटेवाला_पिंपळगाव: बोलेरो पिकअप आहे, साईज २१५/७५ आर १५. पिंपळगाव ते वाशी टमाट्याचे क्रेट, आठवड्याला चार खेपा. पुढचे दोन्ही आतल्या कडेने पार टक्कल झालेत, मागचे बरे आहेत. १४ च्या वर एक रुपया नाही.

रानवारा: एमआरएफ डोळे झाकून घे. चारही बदल, २८-३० लागतील पण चार वर्ष बघायला नको.

निफाडकर: सिएट का नको? सातपूरला कारखाना आहे, नाशिकचा माल. माझे अजून जिवंत आहेत.

रानवारा: कारखाना जवळ म्हणून टायर जास्त चालतो का भाऊ 😂

घाटचालक: कसाऱ्यात जातोसच कशाला, इगतपुरीहून समृद्धी धर भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत. आणि नायट्रोजन भर, टायर तापत नाही.

निफाडकर: टोल तू भरतो का? आणि साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, फुकटची हवा विकतात.

बाळूनाना: कंपनीवरून भांडू नका. मी मागच्या साली नवे म्हणून घेतले, घरी आल्यावर साईडचा चार आकडी कोड वाचला तर तीन वर्षं दुकानात पडलेला माल. २३२५ असेल तर २०२५ चा तेविसावा आठवडा, पैसे द्यायच्या आधी वाचा. आणि प्लाय (टायरची वजन पेलायची ताकद) ८ चाच, त्याच साईजचे जीपचे, माणसं नेणाऱ्या गाडीचे टायर स्वस्त पडतात पण क्रेट भरले की साईडला फुगे येतात.

रानवारा: तेच म्हणतोय, एमआरएफ घे.

गॅरेजवाला_ओझर: दोन्ही आतूनच घासले म्हणजे टो (पुढच्या चाकांचं आत-बाहेर वळणं) बिघडलाय. अलायमेंट (चाकं सरळ रेषेत लावणं) न करता सोन्याचे टाकले तरी दोन महिन्यात हेच. किंगपिन, टाय रॉड एंड (स्टेरिंगचे सांधे) पण हलवून बघ. आणि पुढे रिमोल्ड (जुन्या टायरवर नवी पट्टी चढवलेला) टाकू नको, घाटात पट्टी सुटली तर स्टेरिंग हातात राहणार नाही.

घाटचालक: हो, पुढे रिमोल्ड नकोच.

टमाटेवाला_पिंपळगाव: सगळ्यांचे आभार. मागचे काढून पुढे घेतले आणि मागे रिमोल्ड टाकले, सहा हजारात काम झालं. सोमवारी भाडं आहे, थांबायला वेळ नव्हता.

गॅरेजवाला_ओझर: अलायमेंट केलं ना?

टमाटेवाला_पिंपळगाव: सीझन संपल्यावर बघू

गॅरेजवाला_ओझर: म्हणजे चांगले होते तेच आता घासायला पुढे घेतले 🙏