मदत हवी आहे: बाळ रविवारी येतंय आणि मांजर पाळण्यातून हलत नाही

चिंतू_धायरी: बायको-बाळ रविवारी माहेराहून येतायत. पाळणा आणला तेव्हापासून चिंगी त्यातच मुटकुळं करून पडलेली. मच्छरदाणी लावली तर वर जाऊन बसली, मच्छरदाणीची झोळी झाली. आई म्हणते मांजर बाळाचा श्वास ओढते, पोत्यात घालून पर्वतीला सोडून ये. लवकर सांगा, काय करू?

रिमझिम: मांजर बाहेर जाते का? लसी?

चिंतू_धायरी: लसी वेळेवर. सहा आठवड्यांच्या परवाच झाल्या.

रिमझिम: अहो, मांजरीच्या!

पेठेतला_बोका: श्वासबिस काही ओढत नाही, ऊब शोधते. पण तोंडाला लागून झोपली तर एवढंसं बाळ गुदमरू शकतं. आम्ही खोलीला जाळीचं दार बसवलं. तोवर पाळण्यात पुठ्ठा ठेवा, वर चिकटपट्टी उलटी लावून. आमच्या बोक्याने दोन दिवसांत नाद सोडला. बाळ आलं की पुठ्ठा काढा, हे सांगावं लागतं इथे.

सहकारनगरची_आजी: केस पोटात जाऊन दमा होतो. आमच्या वेळी मांजरं अंगणात असत.

पेठेतला_बोका: आजी, अ‍ॅलर्जी केसांची नसते, मांजराच्या थुंकीतल्या आणि कातडीतल्या प्रथिनांची असते.

सहकारनगरची_आजी: तेच म्हणतेय मी.

रिमझिम: लिटर बॉक्स रोज साफ करा. टॉक्सोप्लाझ्मा (मांजराच्या पोटातला एक परजीवी जंतू) विष्ठेतून पडल्यावर लागण करण्याजोगा व्हायला १ ते ५ दिवस लागतात. चिंतू, लसींचं राहिलंच.

चिंतू_धायरी: बॉक्स नाही, ती शेजारच्या बांधकामाच्या वाळूत जाते. लस पिल्लू असताना एकदा दिलेली, दोन वर्षं झाली. काल पाळण्यातून उचलताना मनगटावर ओरबाडलं, रक्त आलं, हळद दाबली. ते असू दे, पाळण्याचं बोला.

रिमझिम: असू दे काय! बाहेर हिंडणारं मांजर, लस चुकलेली. हळद धुऊन टाका, साबण लावून वाहत्या नळाखाली १५ मिनिटं, आणि आजच डॉक्टरांना दाखवा. रेबीजची लक्षणं दिसल्यावर हातात काही उरत नाही. चिंगीलाही व्हेटकडे न्या.

औंधचा_राजा: आमची फक्त बोंबील खाते. चिंगीचा फोटो टाका ना.

पेठेतला_बोका: राजे, धागा वाचा.

चिंतू_धायरी: दवाखान्यात रांगेत आहे, चौदावा नंबर. आईचा फोन आला होता. चिकटपट्टी पुठ्ठ्यासकट चिंगीच्या पाठीला चिकटलीये आणि चिंगी पाळण्यात.