बाळ ७ महिन्यांचं, पाळी अजून नाही, तांबी बसवू का?

चिऊची_आई
मैत्रिणींनो, चिऊला अंगावर पाजते, पण वरचं पण सुरू केलंय, नाचणीसत्त्व, वरणभात वगैरे. पाळी अजून आली नाही. सासूबाई म्हणतात अंगावर पितंय तोवर दिवस राहत नाहीत. डॉक्टर तांबी म्हणाल्या तर शेजारच्या काकू म्हणे ती वर पोटात चढते. रोजची गोळी माझ्या लक्षात राहणार नाही, आता ऑफिस सुरू, बोरिवली ते चर्चगेट. काय करू?

भांडुपची_सिस्टर
सासूबाईंचं अर्धं खरं. बाळ ६ महिन्यांच्या आतलं, फक्त अंगावरचं दूध तेही रात्रीसकट, आणि पाळी नाही, तिन्ही असेल तरच भरवसा. तुझा तो काळ संपला गं. बीज आधी सुटतं, पाळी त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी, म्हणून पाळीची वाट बघता बघताच पुन्हा दिवस राहिलेल्या कितीतरी बघितल्यात. आधी युरिन टेस्ट कर.

तांबीत हार्मोन नाही, दुधाला काही होत नाही. प्लास्टिकच्या दांडीवर तांब्याची तार असते, तांब्याने शुक्रजंतू निकामी होतात. कॉपर-टी ३८० नावाची तांबी १० वर्षं चालते, पण हवी तेव्हा काढता येते. काकूंचं म्हणाल तर क्वचित, अगदी क्वचित, गर्भाशयाला भोक पडून ती पोटात जाते, म्हणून सवयीच्या हाताकडूनच बसवून घे आणि महिना-दीड महिन्याने तिचा खाली राहणारा धागा तपासून घे. सुरुवातीला पाळीत जास्त जातं, पोट दुखतं. हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टरला आधीच सांग.

परळकरीण
मी अंतरा घेते, दर ३ महिन्यांनी इंजेक्शन, सरकारी दवाखान्यात फुकट. पहिल्यांदा अधूनमधून डाग लागायचे मग पाळी गायबच, तशी होते म्हणे. पण दुसरं लवकर हवं असेल तर नको, थांबवल्यावर दिवस राहायला ७ ते १० महिने लागू शकतात. छाया नावाची गोळी पण आहे, पहिले ३ महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा, तीही दूध पाजताना चालते.

गिरगावचा_बाबा
सगळं बायकांनीच करायचं का? तांबी बसेपर्यंत निरोध वापरा की, आणि संबंधातून होणाऱ्या आजारांपासून बचाव फक्त त्यानेच. दोन झाल्यावर मी बिनटाक्याची नसबंदी केली, त्याच दिवशी घरी. पण पुढचे ३ महिने निरोध लागतोच आणि मग वीर्याची तपासणी, ती टाळू नका.

चिऊची_आई
थँक्यू सगळ्यांना, टेस्ट निगेटिव्ह. सिस्टर एक विचारू, तो धागा ह्यांना टोचतो का?

भांडुपची_सिस्टर
काहींना जाणवतो. टोचला तर सांग, आखूड कापून देतात. तू स्वतः ओढू नकोस म्हणजे झालं.