जेट बोट घ्यावी की स्टर्नड्राइव्ह? (लवकर सांगा, शनिवारी डीलरकडे जायचंय)

तळ्यात_मळ्यात: दोन बोटी बघून ठेवल्यात, एक जेट (पाणी ओढून मागे फवारा मारून पळणारी), एक स्टर्नड्राइव्ह. किंमत जवळपास सारखीच. डीलर म्हणतो जेट घ्या, शेजारी म्हणतो वेडा आहेस का. कुठली घेऊ? प्लीज "गूगल करा" सांगू नका, तेच करून डोकं फिरलंय.

केळफूल: अहो, पण कुठे चालवणार? समुद्र, नदी, तळं? किती माणसं? नवी की वापरलेली?

तळ्यात_मळ्यात: लेक लॅनियर, जॉर्जियातलं तळं, अजून कुठे! अटलांटावाले सगळे तिथेच जातात. वापरलेल्या आहेत.

गॅरेजवाला_काका: अटलांटा हे आत्ता कळलं आम्हाला. स्टर्नड्राइव्ह घे, डोळे मिटून. इंजिन बोटीत, पंखा बाहेर मागे. निवांत चालवताना तीन-साडेतीन हजार आरपीएमवर पळते, शेजारच्याशी बोलता येतं. तेवढ्याच वेगाला जेट सहा-सात हजारांवर किंचाळते आणि पेट्रोलही जास्त पिते. मर्क्रूझर कंपनीच्या स्टर्नड्राइव्हचे पार्ट कुठेही मिळतात.

हडसनकर: काका, बेलोजचंही सांगा ना! ट्रान्समला, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीला, रबराचे भाते असतात, तेच बेलोज. ते फाटले की पाणी आधी आतल्या गिंबल बेअरिंगमध्ये (पंख्याकडे जाणारा दांडा त्यात फिरतो) आणि मग बोटीत. माझ्याकडे स्टर्नड्राइव्ह होती. गिअर ऑइल काढलं तर ताकासारखं पांढरं. पाणी शिरलेलं. त्या बिलात एक सेकंडहँड जेट-स्की आली असती. शिवाय थंडी पडायच्या आत ब्लॉकमधलं पाणी काढलं नाही तर इंजिन तडकतं, जॉर्जियातसुद्धा. जेटला ही कटकट बरीच कमी.

गॅरेजवाला_काका: बेलोज वेळेवर बदलले की काही होत नाही. देखभाल करायची नाही आणि मशीनला नावं ठेवायची.

हडसनकर: मग पंपात दोरी अडकल्यावर जेट चालवून दाखवा, असं मी म्हणालो का? दोन्हीकडची बाजू सांगतोय.

मालवणचो_झिलगो: दोन्ही नको. आउटबोर्ड घेवा, मागे बाहेर टांगलेला इंजिन. आमच्याकडे सगळे तेच लावतत, बिघडला तर काढून गावात नेवक येता.

तळ्यात_मळ्यात: आउटबोर्ड विचारलंच नाहीये हो 🙏

केळफूल: लहान मुलं आहेत का? ट्यूबिंग (बोटीमागे टायरवर बसून), वेकसर्फिंग (बोटीच्या लाटेवर फळीवर उभं राहून) करणार?

तळ्यात_मळ्यात: हो, सहा आणि नऊ. त्यांच्यासाठीच तर घेतोय. बायको म्हणते पंखा नको.

केळफूल: हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं! जेटला उघडा पंखा नाही, इम्पेलर म्हणजे आतला पंखा बोगद्यात असतो, ही मोठी गोष्ट. पण म्हणून बिनधोक समजू नका. खालची जाळी पाणी ओढते तशी दोरी, मोकळे केस, जॅकेटचा पट्टाही ओढते. मागून फवारा जोरात येतो, नळीच्या मागे जवळ कुणी नको. इंजिन चालू असताना मागच्या फळीवर मुलांना बसवूच नका, कुठलीही बोट असो. इंजिनच्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. वेकसर्फिंग साध्या स्टर्नड्राइव्हमागे मुळीच नाही. त्यासाठी व्होल्वो पेंटाने 2015 मध्ये पंखे पुढे तोंड केलेला फॉरवर्ड ड्राइव्ह आणला.

लाटांवर_स्वार: सगळे एक विसरताय. जेटला थ्रॉटल सोडला की वळणच नाही! नळीतून पाणी मारलं तर बोट वळणार. धक्क्यावर येताना माणूस घाबरून गॅस सोडतो आणि बोट सरळ जाऊन आदळते. रिव्हर्स म्हणजे नळीवर बादलीसारखं झाकण पडून फवारा पुढे वळतो, एवढंच. डीलर ट्रायल देईल तर तिथेच धक्क्याला लावून बघा, मोकळ्या पाण्यात सगळ्याच छान पळतात.

इतिहासप्रेमी: जेट मुळात उथळ नद्यांसाठीच. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टनने 1950 च्या दशकात ती घडवली, आणि 1960 मध्ये जेट बोटी ग्रँड कॅन्यनमधून कोलोरॅडो नदीच्या उलट्या प्रवाहात वर गेल्या होत्या.

गॅरेजवाला_काका: लॅनियर उथळ नदी आहे का?

लाटांवर_स्वार: नाही, पण दुष्काळात 2007 च्या डिसेंबरात पाणी भरलेल्या पातळीपेक्षा 20 फुटांहून खाली गेलं होतं. तेव्हा नको तिथे खडक वर येतात. पंखा आपटला तर खालचा अख्खा गिअरकेस जातो. जेट वाळूत नेली तर तीही वाळू ओढते आणि इम्पेलर खरवडतो, हे पण खरं.

पुणेरी_पाटी: वीकेंडला दोनदा भाड्याने घ्या. हप्ता, विमा, ट्रेलर वाचेल. कुणी मागितला नव्हता तरी सल्ला.

हडसनकर: ट्रेलरवरून आठवलं, ओढणारी गाडी कुठली आहे?

तळ्यात_मळ्यात: गाडी कशाला? साडूंच्या ओळखीने मरिनात स्लिप (बोट बांधून ठेवायची जागा) मिळतेय, बोट सीझनभर पाण्यातच राहणार.

केळफूल: अरे देवा. आत्ता सांगताय!

गॅरेजवाला_काका: मग तर प्रश्नच मिटला. स्टर्नड्राइव्हचा पंखा ट्रिम करून, म्हणजे तिरका उचलून, बराचसा वर घेता येतो. जेटचा पंप कायम पाण्याखाली, बोगद्यात शेवाळ धरलं की जोर जातो, साफ करायला बोट बाहेर काढा.

हडसनकर: आणि मुलं पंख्याशी खेळू देत? लिफ्टवाली (बोट पाण्याबाहेर उचलून ठेवणारी) स्लिप आहे का ते आधी विचार साडूंना. लिफ्ट असेल तर जेट.

तळ्यात_मळ्यात: विचारतो. ते फोन उचलत नाहीयेत.

मालवणचो_झिलगो: आउटबोर्ड पुरो वर उचलता येता हां, सांगून ठेवतंय.