इटलीच्या टाचेवरचे सात दिवस : कुटुंबाच्या ग्रुपवरील चर्चा

अमेय : सर्वांना नमस्कार. मे महिन्याच्या उत्तरार्धात अर्णवची शाळा बंद असेल आणि मुक्तालाही म्युनिकहून रजा मिळणार आहे, म्हणून दक्षिण इटलीच्या किनाऱ्याचा आराखडा मांडतो. पहिला दिवस नेपल्स, दुसरा पॉम्पेई आणि पोझितानो, तिसरा अमाल्फी, चौथ्या दिवशी पेस्टमची ग्रीक मंदिरे पाहून त्रोपेआ, पाचव्या दिवशी सामुद्रधुनी ओलांडून सिसिलीतले ताओर्मिना, सहाव्या दिवशी परत फिरून मातेरा आणि सातव्या दिवशी बारीहून विमान. गाडी एकच, नऊ आसनांची घ्यावी असे मला वाटते.

वंदनाआत्या : आराखडा मला पसंत आहे. पोझितानोला दोन रात्री असाव्यात एवढीच माझी सूचना आहे. गेली दोन वर्षे मी ती कड्यावर चढत गेलेली रंगीत घरे मोबाइलवर पाहत आहे. आता ती डोळ्यांनी पाहायची आहेत.

रेवती : चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या दिवशी मिळून अर्णव गाडीत किती तास बसणार आहे, याचा हिशोब अमेयने केलेला दिसत नाही.

मुक्ता : अमेयदादा, रागावू नकोस, पण हा आराखडा सात दिवसांचा नसून पंधरा दिवसांचा आहे. ताओर्मिनाहून मातेराला यायचे म्हणजे मेसिनाची बोट धरून सहा तासांच्या खाली काही होत नाही. सालेर्नो ते रेज्जो कालाब्रिया हा ए-2 महामार्ग उत्तम आहे आणि त्यावर टोलही नाही, परंतु तो बराचसा डोंगरांतून आणि बोगद्यांतून जातो, त्यामुळे आपण ज्या समुद्रासाठी चाललो आहोत तो तिथे अधूनमधूनच दिसतो.

दुसरी गोष्ट अमाल्फीच्या रस्त्याची. एसएस-163 हा रस्ता जेमतेम पन्नास किलोमीटरचा आहे, पण एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला कठडा अशा वळणांवर समोरून पर्यटकांची बस आली की कोणीतरी गाडी मागे घ्यावी लागते, आणि बहुतेक वेळा ते कोणीतरी आपणच असतो. गर्दीच्या ठराविक दिवसांत तिथे सकाळी दहा ते संध्याकाळी सहापर्यंत गाडीच्या क्रमांकानुसार सम-विषम नियमही लागू असतो. गाडी चालवणाऱ्याला तो किनारा दिसतच नाही. त्याला फक्त पुढचे वळण दिसते. नऊ आसनांची गाडी घेऊन तिथे जाणे म्हणजे एस.टी. घेऊन तुळशीबागेत शिरण्यासारखे आहे. ज्याला तो किनारा पाहायचा आहे त्याने सालेर्नोहून बोटीने जावे, कारण ती घरे समुद्रातूनच पूर्ण दिसतात.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की एका आठवड्यात एकच किनारा घ्यावा, आणि गाडीने फिरायचे असेल तर तो पुलियाचा, म्हणजे बुटाच्या टाचेचा असावा. बारीहून निघून टाचेला वळसा घालून मातेरामार्गे पुन्हा बारीला यायला साधारण साडेपाचशे किलोमीटर होतात. कोणत्याही एका टप्प्यात दोन तासांहून जास्त गाडी चालवावी लागत नाही, मुलूख सपाट आहे आणि त्या वाटेवरचे बहुतेक सगळे रस्ते बिनटोलचे आहेत.

वंदनाआत्या : म्हणजे माझे पोझितानो गेले.

सुधाकरकाका : वंदना, क्षणभर थांब. मुक्ता, तू जी टाच म्हणतेस तिच्या वळचणीला तारांतो आहे ना? आमचे अण्णा युद्धात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीत, म्हणजे जंगी पलटणीत होते. त्यांची आठवी भारतीय डिव्हिजन सप्टेंबर 1943 मध्ये तारांतोलाच जहाजांतून उतरली आणि तिथून एड्रियाटिकच्या कडेने उत्तरेकडे लढत गेली. अण्णा त्याला 'तारंट बंदर' म्हणत. मी सातवीत असताना शाळेच्या नकाशावर तारंट शोधत बसलो होतो आणि ते न सापडल्याने अण्णांची आठवण चुकली असावी, अशी माझी खात्री झाली होती. तारांतो पाहायला मिळणार असेल तर माझे मत मुक्ताच्या मार्गाला आहे.

मुक्ता : काका, तारांतो नेमके आपल्या वाटेवर आहे. पाचव्या दिवशी आपण गाल्लीपोलीहून मातेराला जाताना दुपारभर तिथे थांबू शकतो. तिथे आतला छोटा समुद्र आणि बाहेरचा मोठा समुद्र जोडणाऱ्या कालव्यावर 1887 मध्ये बांधलेला आणि नंतर 1958 मध्ये नव्याने उभारलेला फिरता पूल आहे. मोठे जहाज आले की त्याचे दोन्ही भाग बाजूला वळतात. एक मात्र आधीच सांगते, की शहरात शिरताना पोलादाच्या प्रचंड कारखान्याच्या चिमण्या दिसतील आणि जुने शहर बरेच पडझडीचे आहे. सुंदर गाव पाहण्याच्या अपेक्षेने तिथे कोणी येऊ नये.

सुधाकरकाका : मला सुंदर गाव नको, बंदर पाहायचे आहे.

रेवती : बाबांचा प्रश्न सुटला, आता माझा. मी आणि वंदनाआत्या मासे-मांस खात नाही. सात दिवस केवळ पिझ्झा खाऊन राहायची माझी तयारी नाही.

मुक्ता : वहिनी, शाकाहारी माणसाला पुलियाइतका सोयीचा मुलूख इटलीत मला दुसरा आढळला नाही. सोललेल्या वाळक्या बाकल्याच्या दाण्यांचे घट्टसर वरण आणि त्यावर किंचित कडू चिकोरीची पालेभाजी, वरून कच्चे ऑलिव्ह तेल, असे 'फावे ए चिकोरिए' तिथे मिळते. आत्या, तुला ते पहिल्या घासालाच घरचे वाटेल. बारीचा टोमॅटो लावलेला फोकाच्चा आणि तळलेले, आपल्या करंजीच्या आकाराचे पांझेरोत्ती वाटेत पोटाला आधार देतील. सावध राहायचे ते दोन ठिकाणी : 'ओरेक्किएत्ते' या पास्त्याबरोबर चीमे दि रापा ही पालेभाजी असते, पण तिच्या फोडणीत बारीक मासा विरघळवलेला असण्याची शक्यता फार, म्हणून 'सेन्झा अलीची', म्हणजे तो मासा नको, असे आधीच सांगावे. लेच्चेच्या पास्तिच्चोत्तो या गोड पेस्ट्रीत अंडे असते आणि जुन्या पद्धतीत डुकराची चरबीही घालतात, तेव्हा विचारल्याशिवाय घेऊ नये.

ओरेक्किएत्तेवरून आठवले. जुन्या बारीत किल्ल्याजवळच्या एका बोळात बायका दाराबाहेर लाकडी पाट मांडून हे पास्ते वळत बसतात. रव्याच्या पिठाची बोटाएवढी वळी, तिचा नखाएवढा तुकडा, त्यावरून बोथट सुरी ओढायची आणि गुंडाळलेला तुकडा अंगठ्यावर उलटा करायचा. झाला कानाच्या पाळीसारखा वाटोळा खळगा. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला काकूंच्या माहेरच्या लग्नातले वळवट आठवले. गव्हले, मालत्या आणि नखुले वळताना बायकांची बोटे जशी गप्पांत खंड न पडता चालत, तशीच इथेही चालतात. शालनकाकू, तुम्ही तिथे एक तास बसाल याची मला खात्री आहे.

शालनकाकू : मी दोन तास बसेन. तुम्ही सगळे तोवर चर्च पाहून या.

अमेय : मार्ग मला मान्य आहे. आता गाडीविषयी बोलू. आपण सात जण आहोत, म्हणून मी नऊ आसनांची सुचवली होती.

मुक्ता : नऊ आसनांपर्यंतची गाडी साध्या परवान्यावर चालते हे खरे, पण ओस्तुनी किंवा ओत्रांतोच्या गल्ल्यांजवळ ती लावायची कुठे, हा प्रश्न रोज पडेल. दोन लहान गाड्या घ्याव्यात. माझ्याकडे जर्मन परवाना आहे, त्यामुळे मला अडचण नाही. तुला मात्र आपल्या परवान्यासोबत आर.टी.ओ.कडून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा लागेल. त्याचे शुल्क हजार रुपये आहे आणि तो एक वर्ष चालतो. तिथे गाड्या बहुतांशी हाताने गिअर टाकण्याच्या असतात, आणि तो गिअर उजव्या हाताशी येतो. पहिल्या दिवशी तुझा डावा हात दरवाजावर आपटेल, त्याची काळजी करू नकोस. स्वयंचलित हवी असेल तर आजच मागणी नोंदव. अर्णवची उंची दीडशे सेंटिमीटरच्या आत असल्याने त्याच्यासाठी बालआसन सक्तीचे आहे, आणि अनामत रकमेसाठी क्रेडिट कार्ड चालकाच्याच नावावर लागते.

झेडटीएल, म्हणजे मर्यादित वाहतुकीचा भाग, या प्रकरणाबद्दल मी स्वतःची फजिती सांगते, म्हणजे ती पुन्हा कोणाची होणार नाही. जुन्या गावठाणांत बाहेरच्या गाड्यांना मज्जाव असतो आणि वेशीवर कॅमेरा बसवलेला असतो. तीन वर्षांपूर्वी तिथल्या एका गावात संध्याकाळी शिरताना मला 'वार्को अत्तीवो' अशी पाटी दिसली. वार्को म्हणजे प्रवेशद्वार आणि अत्तीवो म्हणजे चालू, असा शब्दशः अर्थ लावून मी निर्धास्तपणे आत गेले, चुकले म्हणून बाहेर पडले आणि पुन्हा दुसऱ्या वेशीतून आत गेले. वास्तविक त्याचा अर्थ 'निर्बंध चालू आहे' असा होतो. चार महिन्यांनी घरी दोन दंड आले, आणि माझा पत्ता कळवल्याबद्दल गाडी भाड्याने देणाऱ्यांनी कार्डावरून वेगळी रक्कम आधीच कापून घेतली होती. तेव्हा 'नोन अत्तीवो' दिसले तरच आत जायचे, आणि शंका आली तर गाडी बाहेरच निळ्या रेषांच्या जागेत पैसे भरून लावायची. पांढऱ्या रेषांत गाडी फुकट लावता येते, पिवळ्या रेषा राखीव असतात.

वंदनाआत्या : हे सर्व ठीक आहे, परंतु माझ्या पोझितानोबद्दल कोणीच बोलत नाही.

मुक्ता : आत्या, तू तीन दिवस आधी नेपल्सला ये. मी म्युनिकहून येते. आपण दोघी सालेर्नोहून बोटीने पोझितानो पाहू आणि कसेर्ताला आगगाडी बदलून बारीला जाऊ. त्यात गाडी नको आणि भांडणही नको.

वंदनाआत्या : हे मला मान्य आहे. हे आधीच सांगितले असतेस तर मी रुसले नसते.

अमेय : तर मग दिवस पुन्हा लिहून काढतो. पहिल्या दिवशी बारी, गाडीशिवाय. दुसऱ्या दिवशी विमानतळावरून गाड्या घेऊन पोलिन्यानो, आणि मुक्काम ओस्तुनीजवळच्या एखाद्या जुन्या शेतवाड्यात. तिसऱ्या दिवशी लेच्चे. चौथ्या दिवशी ओत्रांतो आणि तिथून कड्याच्या रस्त्याने लेउका, रात्री गाल्लीपोली. पाचव्या दिवशी तारांतो आणि रात्री मातेरा. सहाव्या दिवशी आल्बेरोबेल्लो, सातव्या दिवशी परत. अर्णवसाठी यात काय आहे?

मुक्ता : बारीच्या बासिलिकेत संत निकोलसचे अवशेष आहेत. बारीच्या खलाशांनी ते 1087 मध्ये आजच्या तुर्कस्तानातील मिरा इथून आणले. सांताक्लॉज ज्याच्यावरून आला तो हाच, एवढे सांगितले तरी अर्णवला पुरेल. ओत्रांतोच्या कॅथेड्रलची संपूर्ण जमीन 1163 ते 1165 या काळात केलेल्या रंगीत दगडी तुकड्यांच्या चित्राने भरलेली आहे. मधोमध जे मोठे झाड आहे ते दोन हत्तींच्या पाठीवर उभे आहे. बाराव्या शतकातल्या इटलीतल्या भिक्षूने काढलेले ते हत्ती आपल्याला जरा विचित्र वाटतात, पण हत्ती म्हणून ओळखू येतात.

लेच्चेच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना राखाडी, वठलेल्या ऑलिव्ह झाडांची रांगच्या रांग दिसेल. ती थंडीने वाळलेली नाहीत. झायलेल्ला नावाच्या जिवाणूचा रोग 2013 मध्ये गाल्लीपोलीच्या परिसरात सापडला आणि एका छोट्या किड्यामार्फत पसरत त्याने लाखो झाडे मारली. ओस्तुनीच्या खालच्या मैदानात शेकडो वर्षांची पीळदार खोडे अजून पाहता येतात, म्हणून दुसऱ्या दिवशीचा मुक्काम तिथला असावा, शहरातला नसावा.

सुधाकरकाका : माझी आणखी एक विनंती आहे आणि ती अवघड आहे, हे मी जाणतो. पलटणीतले जे गेले त्यांच्यापैकी हिंदू आणि शीख जवानांचे दहन झाले. सांग्रो नदीजवळच्या युद्ध-स्मशानभूमीत अशा पाचशेहून अधिक जवानांची नावे कोरलेले स्मारक आहे. नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो अण्णांच्याच पलटणीत, पण ती लढाई 1945 ची आणि पार उत्तरेकडची. तिकडे जाणे मी मागत नाही. सांग्रो ओलांडताना अण्णांच्या शेजारचा माणूस गेला, एवढेच ते सांगत आणि पुढे बोलत नसत. बारीपासून सांग्रो किती लांब आहे?

मुक्ता : काका, बारीहून अडीचशे किलोमीटरहून थोडे जास्त आहे आणि मातेराहून निघालो तर तीनशेच्या वर जाईल. सगळ्यांना घेऊन जाणे जमणार नाही. मात्र आपण दोन गाड्या घेत आहोत. सहाव्या दिवशी मातेराहून अमेयदादा तुम्हाला घेऊन सांग्रोला जाईल, दोघे रात्री वाटेत तेर्मोलीला राहतील आणि सातव्या दिवशी दुपारपर्यंत बारीला येतील. मी बाकीच्यांना आल्बेरोबेल्लोची चुन्याशिवाय रचलेली दगडी शंकूंची घरे दाखवते. परतीचे विमान तेवढे रात्रीचे हवे. दादा, त्या बाजूच्या ए-14 महामार्गावर टोल आहे. नाक्यावर पिवळ्या पाटीच्या रांगेत शिरू नकोस, ती त्यांच्या फास्टॅगवाल्यांची आहे.

अमेय : बाबा, मी येतो. रात्रीच्या विमानाचे आजच पाहतो. आर.टी.ओ.ची वेळ सोमवारी सकाळी साडेदहाची मिळाली आहे. व्हिसासाठी प्रत्येकाचा तीस हजार युरोंचा प्रवासविमा लागेल. त्यासाठी सर्वांनी पारपत्राच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचे स्पष्ट छायाचित्र मला रविवारपर्यंत पाठवावे. आत्या, तुझे पारपत्र ऑगस्टमध्ये संपत आहे, म्हणजे परतीनंतर तीन महिने उरत नाहीत. ते आधी नवे करावे लागेल.

वंदनाआत्या : उद्याच अर्ज करते. आणि बारीपासून पुढे मी मुक्ताच्या गाडीत बसणार आहे, हे आत्ताच लिहून ठेवा.