आवाज उतरलेल्या गायकाचा अल्बम बेळगावच्या श्रोत्यांपुढे कसा ठेवावा?

शहापूरकर:
नमस्कार मंडळी. गणपतीनंतरच्या बैठकीत अमेरिकन गायक-गीतकार जॉन प्राइनचा 'द ट्री ऑफ फर्गिव्हनेस' पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायचा आहे. २०१८ चा अल्बम. स्वतःच्या नव्या गाण्यांचा त्याचा अल्बम त्याआधी तेरा वर्षं आला नव्हता. ऐकणारी माणसं पंचवीस-तीस, बहुतेक नाट्यसंगीत आणि भजनात मुरलेली. अमेरिकाना, म्हणजे अमेरिकन लोकसंगीत आणि कंट्री यांतून आलेला हा प्रकार बहुतेकांना नवा, आणि पहिल्याच ओळीला "आवाज गेलाय की हो याचा" असं होणार हे नक्की. आवाजाबद्दल आधी सांगावं का? खोलीत स्पीकर कसे मांडावेत? शेवटी एक गाणं आपल्याच माणसांनी पेटी आणि गिटारवर म्हणायचं आहे, त्याला पट्टी कुठली धरावी?

निपाणीकर:
सांगा, पण दोन मिनिटांत उरका. १९९८ मध्ये प्राइनच्या मानेतल्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली, मग किरणोपचार. त्यानंतर आवाज खाली उतरला आणि खरखरीत झाला. जुनी गाणीही तो खालच्या पट्टीत गाऊ लागला. २०१३ मध्ये डाव्या फुप्फुसाची शस्त्रक्रिया. या अल्बममधला आवाज हे सगळं झाल्यानंतरचा, वयाच्या सत्तरीतला आहे.

बेळगावात हे समजवायला लांब जावं लागत नाही. कुमार गंधर्व आपल्या सुळेभावीचे. क्षयाने एक फुप्फुस निकामी झालं आणि त्यांनी दमाच्या मापाने गाण्याची बांधणीच बदलली. छोटे, टोकदार तुकडे घेतले. पण तुलना इथेच थांबवा. प्राइनची ओळ मुळातच बोलण्याएवढी छोटी, त्यामुळे त्याला बांधणी मोडावी लागली नाही, पट्टी उतरवून भागलं. ओळीचा शेवटचा शब्द तो लांबवत नाही, ठेवून देतो, आणि ती रिकामी जागा गिटार भरते. श्रोत्यांना नेमकी ती जागा दाखवा. एकदा ती कानाला कळली की आवाजाची तक्रार आपोआप मागे पडते.

एक गोष्ट मात्र आधी सांगू नका. ७ एप्रिल २०२० ला कोविडने तो गेला. हे सुरुवातीलाच कळलं तर दहाच्या दहा गाणी निरोपाची वाटू लागतात. २०१८ मध्ये लोकांनी हा अल्बम निरोप म्हणून नव्हे, पुनरागमन म्हणून ऐकला. बिलबोर्डच्या मुख्य अल्बम यादीत तो पाचव्या क्रमांकावर गेला, प्राइनच्या साऱ्या कारकिर्दीतला सर्वांत वरचा. तेव्हा त्याचं वय ७१.

टिळकवाडी श्रोता:
मांडणीचं सांगतो. अल्बम सुमारे ३३ मिनिटांचा आहे, मध्यंतर ठेवू नका. डेव्ह कॉबने नॅशव्हिलमध्ये केलेलं ध्वनिमुद्रण मोकळं आहे, गायकाच्या जवळचं. उघड्या फरशीच्या खोलीत असा खर्जातला आवाज घुमतो आणि शब्द कळेनासे होतात. जमिनीवर जमखाना अंथरा, खिडक्यांना जाड पडदे लावा. स्पीकर कोपऱ्यात नकोत. कोपऱ्यात खर्ज फुगतो, आणि लोक त्यालाच बसलेला आवाज समजतात. भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे, एकमेकांपासून सात-आठ फुटांवर आणि बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला ठेवा. अँपचा बेस वाढवलेला असेल तर शून्यावर आणा. पत्र्याचं छप्पर असलेली जागा तर घेऊच नका. सर आली की हळू गाणी त्यात बुडाली म्हणून समजा.

पेटीवाले, खानापूर:
पट्टीबद्दल. ध्वनिमुद्रणातली पट्टी जशीच्या तशी धरू नका, ती त्याच्या गळ्याची आहे. चालीतला सर्वांत वरचा सूर पेटीवर शोधा, तो आपल्या गायकाला न ओरडता लागतो का बघा आणि त्यावरून षड्ज ठरवा. पुरुषांना काळी एक बसत असेल तर गिटारवर पहिल्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून सी कॉर्डचे आकार धरायचे. बायकांना काळी चार लागली तर कॅपो तिथेच ठेवून जी चे आकार.

घोटाळा होतो तो सूर मिळवताना. मोबाईलच्या ट्यूनरवर गिटार लावतात, आणि जुनी पेटी त्याहून चढी किंवा उतरती निघते. पेटीचा सूर हलवता येत नाही, म्हणून गिटारच पेटीला मिळवा. कॅपो काढून पाचवी तार पांढरी सहाला लावा, बाकीच्या तारा तिच्यावरून. मग कॅपो लावून तीच तार काळी पाचशी पडताळा. हमखास किंचित चढलेली सापडेल, कारण कॅपोच्या दाबाने तार ताणली जाते. कॅपो फ्रेटच्या पट्टीला अगदी लागून, तिच्या मागे बसवा. लांब बसला तर तार झणझणते.

पेटीचा कपलर (एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातला तोच सूर वाजवणारी सोय) बंद ठेवा आणि एकेरी सूर वापरा. भजनातली भरगच्च पेटी घेतली तर बोटांनी छेडलेली गिटार ऐकूच येणार नाही.

शहापूरकर:
फार उपयोगी, धन्यवाद. तबला घ्यावा का? आणि शब्दांचं काय करावं, भाषांतर वाटावं का?

पेटीवाले, खानापूर:
घ्या, साधा केरवा, तोही हलक्या हाताने. गिटारवाल्याचा अंगठा आठ मात्रांत पहिली, तिसरी, पाचवी आणि सातवी धरतो, म्हणजे 'धा गे न ति न क धिं न' मधले धा, न, न, धिं. सी च्या आकारात अंगठा पाचव्या आणि चौथ्या तारेवर आलटून पालटून, जी ला सहाव्या आणि चौथ्यावर. आधी नुसता अंगठा दहा मिनिटं चालवायला सांगा. बोटं मिसळली की अंगठा धावतो, आणि तबलजी त्याच्यामागे धावला की गाणं हातचं गेलं.

वचनप्रेमी:
ओळीला ओळ भाषांतर नको. प्रत्येक गाण्याचा मराठीत दोन-तीन ओळींचा आशय, सगळा मिळून एका कागदावर, आणि तो गाण्याआधी वाचून दाखवा. गाणं चालू असताना वाटला तर माना खाली जातात.

अल्बममधल्या शेवटच्या गाण्याला मात्र आधी थोडी प्रस्तावना हवी. त्यात कडवी चक्क बोललेली आहेत, गायलंय फक्त ध्रुपद, आणि सोबतीला काझू हे तोंडाने गुणगुणत वाजवायचं खेळण्यासारखं वाद्य. विषय मेल्यावर स्वर्गात गेल्यानंतर काय काय करीन हा, आणि सूर भरपूर खुशीचा. आपल्याकडे कन्नड वचनं (बसवण्णांसारख्या शरणांची पदं) ऐकणाऱ्यांना बोलणं आणि गाणं यांची सीमा पातळ असते हे ठाऊक आहे, त्यांना ते लगेच उमगेल. ध्रुपदात कुटुंबातली आणि मित्रमंडळीही गायली आहेत. म्हणून सगळ्यांनी मिळून म्हणायला हेच गाणं घ्या. कडवी एकाने मराठीत बोलावीत, ध्रुपद सर्वांनी मुळातलंच म्हणावं. काझू मिळाला नाही तर कंगव्यावर पातळ कागद धरून ओठांनी गुणगुणा, तसाच आवाज निघतो. फक्त कागद ओला झाला की आवाज बंद पडतो, म्हणून चार-पाच तुकडे कापून जवळ ठेवा.