भविष्यातला कचरा कोण उचलणार? (बी विंग ग्रुप)

कुलकर्णीकाकू: सुट्टी लागल्यापासून आमचे चिरंजीव नुसते अ‍ॅनिमे, ती जपानी कार्टून, बघत बसलेत. रोबो काय, धडाधड पडणाऱ्या बिल्डिंगा काय. सानिका तू पण बघतेस ना हे, काही अर्थ असतो का गं त्यात?

सानिका ४०२: असतो हो काकू. पण मला रोबोंपेक्षा त्यातली शहरं बघायला आवडतात. इव्हँजेलियन घ्या, १९९५ ची सिरीज, गोष्ट २०१५ ची. हल्ला आला की तोक्यो-३ मधल्या अख्ख्या बिल्डिंगा सरसर जमिनीखाली जातात आणि त्याच शहरात विजेचे खांब, लोंबणाऱ्या तारा, हिरो टेपवाला वॉकमन कानाला लावून बसलेला. वर त्या सिकाडा किड्यांची किरकिर थांबतच नाही कारण पृथ्वीचा आस सरकलाय आणि जपानात बारा महिने उन्हाळा

देशपांडेकाका: त्याला आम्ही चंद्रपूर म्हणतो 😀

सानिका ४०२: 😂😂 पण काका तुम्ही प्लॅनेटेस बघाच. २००३ ची, २६ भाग. साल २०७५ आणि हिरो करतो काय तर कचरा उचलतो, अंतराळातला. फुटक्या सॅटेलाईटचे तुकडे वगैरे. सुरुवातीलाच एक स्क्रू येऊन प्रवासी यानाच्या खिडकीवर आदळतो, खेळ खलास. एवढासा स्क्रू, पण पृथ्वीभोवती फिरतो सेकंदाला ७-८ किलोमीटरने. आणि हे काम करणाऱ्या डिपार्टमेंटला कंपनीत काडीची किंमत नाही, नफा नाही ना त्यात, माणसंही पुरेशी देत नाहीत, सगळे 'हाफ सेक्शन' म्हणून चिडवतात

सेक्रेटरी: ही आपल्या मेंटेनन्स कमिटीची गोष्ट कोणी फोडली जपानला

अथर्व ५०१: ताई प्लॅनेटेस जाम स्लो आहे. सायको-पास बघा सगळ्यांनी. २११२ साल, बंदूकच ठरवते समोरचा किती डेंजर. आकडा १०० च्या वर गेला की आडवा, ३०० च्या वर थेट उडवणार

सानिका ४०२: भारी आहे रे, पण काकूंच्या पोराला एवढ्यात नको, फार रक्तपात. आणि मला ते शहर पटतच नाही, सगळं होलोग्रामने झाकलेलं, चकाचक, झाडू कोण मारतं तेच दिसत नाही. त्यापेक्षा घोस्ट इन द शेल, १९९५ चा पिक्चर. हाँगकाँगवर बेतलेलं शहर, कळकट पाणी, बोर्डांची दाटी. त्यात एक कचरागाडीवाला आहे, बायको-मुलीसाठी नको ते उद्योग करत सुटलेला, फोटोत मुलगी हसतेय असं त्याला खात्रीने वाटतं, आणि पोलीस सांगतात बाबा रे तू एकटाच राहतोस, बायको नाही मुलगी नाही, कोणीतरी हॅक करून ह्या आठवणी डोक्यात घातल्यात. मारामाऱ्या विसरले मी, तो माणूस नाही विसरले

अथर्व ५०१: ताई तुला फक्त कचरा आवडतो

सानिका ४०२: हो मग! साफसफाई कोण करतं ते दाखवलं की मगच ते शहर मला खरं वाटतं

कुलकर्णीकाकू: ते सगळं ठीक गं, पण आमच्या ११ वर्षांच्या घोड्याला काय लावून देऊ?

सानिका ४०२: देन्नो कॉइल! २००७ ची, गोष्ट २०२६ ची, तेव्हा हे साल केवढं लांब वाटलं असेल. पोरं चष्मे लावून फिरतात आणि त्यातून रस्त्यावर व्हर्च्युअल कुत्रा वगैरे दिसतो, हात लावायला गेलं तर हाताला काहीच नाही. सिस्टिममधली घाण पुसायला सॅची नावाचा गोलमटोल राक्षस फिरतो, तो मागे लागला की पोरं पळत देवळात, कारण देवळात शिरायची त्याला परवानगीच नाही. आणि एक आजी आहे, दुकान मांडून बसलेली, पोरांना हळूच बेकायदा व्हर्च्युअल माल विकते

देशपांडेकाकू: आजी आवडली मला. टीव्हीवर कधी लागतं हे?

सानिका ४०२: टीव्हीवर नाही हो काकू, रविवारी दुपारी माझ्याकडे या, मी लावते. कुलकर्णीकाकू त्याला पण पाठवा. अथर्व तू पण ये, फक्त इंग्लिश डबसाठी भुणभुण केलीस तर गेटबाहेर

सेक्रेटरी: रविवारी दुपारी टाकी साफ करायची आहे, २ ते ५ पाणी बंद. अथर्व, बादल्या भरून मगच जा