ओपन-वर्ल्ड स्टेल्थ गेममध्ये आधी बेत आखण्याला कितपत अर्थ आहे?

काजवा (प्रश्न)

माझा पिंड बंदिस्त नकाशांच्या स्टेल्थ गेमवर, म्हणजे शत्रूच्या नजरेआड लपतछपत खेळायच्या गेमवर, पोसलेला आहे. १९९८ सालच्या ‘थीफ: द डार्क प्रोजेक्ट’मध्ये पहारेकरी कोणत्या खोलीतून कोणत्या खोलीत जातो, वाटेत फरशी कुठे आणि गालिचा कुठे, मशाल विझवली की किती भाग अंधारात जातो, हे एकदा नीट पाहून ठेवले की पुढची सगळी हालचाल मनाशी पक्की करता येत असे. आखलेला बेत जसाच्या तसा पार पडणे हेच त्या खेळातले खरे सुख होते.

सध्या मी ‘मेटल गिअर सॉलिड ५: द फँटम पेन’ आणि ‘फार क्राय ३’ हे ओपन-वर्ल्ड, म्हणजे मोठ्या मोकळ्या जगात हवे तिकडे फिरू देणारे, गेम खेळत आहे, आणि तेथे हा हिशेब जुळत नाही. टेकडीवरून छावणी न्याहाळावी, प्रत्येक शिपाई मार्क करावा (त्याच्यावर खूण करून ठेवावी), कोणाला आधी आणि कोणाला नंतर गारद करायचे ते ठरवून खाली उतरावे, तर नेमकी त्याच वेळी रस्त्यावरून गाडी येते, वाळूचे वादळ उठते किंवा झाडीतून एखादे जनावर बाहेर पडून शिपायांवर झेप घेते, आणि क्षणात सगळ्यांच्या जागा बदलतात.

अशा मिशनमध्ये आधी बेत आखण्याला काही अर्थ उरतो का? उरत असेल, तर तो कशा स्वरूपाचा असावा? आणि गोष्टी हाताबाहेर जाऊ लागल्या की मागचा चेकपॉइंट लोड करावा, म्हणजे आधी जतन झालेल्या टप्प्यापासून पुन्हा खेळावे, की तसेच पुढे रेटावे? ‘प्रसंगावधान ठेवा’ हा सल्ला मला नवा नाही. खेळताना तुम्ही नेमके काय पाहता आणि काय ठरवता, हे कोणी सविस्तर लिहिले तर फार बरे होईल.

टेहळणीबुरूज (प्रतिसाद)

बेताला अर्थ नक्कीच उरतो, फक्त तो वेगळ्या गोष्टींचा आखावा लागतो. तुम्ही उल्लेखलेल्या प्रसंगांपैकी निव्वळ नशिबावर सोडलेले असे फारच थोडे आहे. जनावर जवळ दिसेल त्याच्यावर धावून जाते, शिपाई जनावरावर गोळी झाडतो, गोळीचा आवाज ऐकू येईल तेवढ्या टापूतले बाकीचे शिपाई तिकडे वळतात. यातला प्रत्येक नियम साधा आहे आणि तो प्रत्येक वेळी तसाच चालतो. गोंधळ होतो तो हे नियम एकमेकांत गुंतल्यामुळे. म्हणून टेकडीवर बसलो असताना ‘आता काय होईल’ हा प्रश्न मी स्वतःला विचारत नाही. ‘काय काय होऊ शकते आणि ते कुठून येईल’ हे मात्र अवश्य पाहतो. छावणीतून रस्ता जात असेल तर गाडी येणारच, असे धरूनच चालावे. आऊटपोस्टमध्ये, म्हणजे शत्रूच्या ठाण्यात, पिंजरा दिसला तर आतले जनावर मोकळे होण्याची शक्यता आपल्या डोळ्यांसमोरच असते, आणि पिंजऱ्याच्या दारावर दुरून गोळी झाडून ती वेळ आपल्याला स्वतः निवडता येते.

बहुतेक जण बेताची सुरुवात शिपायांपासून करतात. माझ्या मते ती त्यांच्या मदतीच्या वाटेपासून करावी. ‘फार क्राय ३’मधल्या आऊटपोस्टमध्ये अलार्मचे खांब असतात. त्यातल्या एकावर दुरून गोळी झाडली तर तेवढा एकच निकामी होतो, पण एखाद्या खांबाशी गुपचूप पोहोचून तो हाताने बंद केला तर त्या ठाण्यातले सगळेच अलार्म बंद पडतात. एवढे एक काम बिनबोभाट उरकले की त्यानंतर कोणी पाहिले तरी लढाई त्याच ठाण्यापुरती राहते, बाहेरून कुमक येत नाही. ‘फँटम पेन’मध्ये हेच काम छावणीतली दळणवळणाची यंत्रणा उडवून साधता येते, कारण मग तेथील शिपायांचा मुख्यालयाशी असलेला रेडिओ संपर्क तुटतो. थोडक्यात, शत्रू काय करील यावर आपला ताबा चालत नसला, तरी त्याला काय करता येईल याचे क्षेत्र आपण आधीच आक्रसून टाकू शकतो. मला बेत म्हणजे प्रामुख्याने एवढेच अभिप्रेत असते.

‘फँटम पेन’मधले ‘रेड ब्रास’ हे मिशन या दृष्टीने मुद्दाम खेळून पाहावे. तीन लष्करी अधिकारी एका बैठकीसाठी एकत्र येणार असतात आणि तिघांनाही संपवायचे असते. बैठकीच्या जागी आधीच पोहोचून, स्फोटके पेरून, तिघे जमेपर्यंत दबा धरून बसता येते. वाटेत एकेकट्याला गाठणेही शक्य असते. पहिल्या मार्गाने काम एका झटक्यात होते, पण सगळी भिस्त एकाच क्षणावर राहते. दुसऱ्या मार्गात धावपळ पुष्कळ आहे, तरी एक प्रयत्न फसला तर पुढच्या अधिकाऱ्याशी तो सुधारायला वाव मिळतो. अनिश्चितता जितकी जास्त, तितका मी दुसऱ्या जातीचा मार्ग निवडतो, म्हणजे ज्यात काम तुकड्यातुकड्यांनी होते आणि प्रत्येक तुकड्यानंतर थांबून आजूबाजूचा कानोसा घेता येतो.

आणखी एक सवय अतिशय उपयोगी आहे. पुढे सरकण्याआधी, इथे दिसलो तर कुठे लपायचे, ते ठरलेले असावे. एका आडोशापासून दुसऱ्या आडोशापर्यंतचे अंतर, मधली उघडी जागा आणि तिच्यावर कोणाची नजर पडते हे पाहूनच पाऊल टाकावे, म्हणजे गाडी आली काय किंवा वादळ उठले काय, त्या क्षणी विचार करत बसावे लागत नाही. वादळाबद्दल तर मी म्हणेन की ती सुवर्णसंधी असते. शिपायांना फार जवळचेच दिसते, आणि एरवी ओलांडता न येणारे पटांगण तेवढ्या वेळात ओलांडून होते.

मूकपावले (प्रतिसाद)

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. मी फक्त चेकपॉइंटच्या प्रश्नाबद्दल लिहितो.

लोड करायचे की नाही याचा निर्णय बहुतेक खेळाडू चुकीच्या क्षणी घेतात, असे माझे निरीक्षण आहे. या खेळांतला पहारेकरी बेसावध अवस्थेतून थेट लढाईत उडी घेत नाही. आधी त्याला संशय येतो, मग तो येऊन पाहतो, मग खात्री पटल्यावर इतरांना सावध करतो, आणि आपण हाती लागलो नाही तर शोधाशोध करून अखेरीस पुन्हा गस्तीवर जातो. या प्रत्येक पायरीवर परतीची वाट असते. ‘फँटम पेन’मध्ये कोणी पाहिले की काही क्षण काळ मंदावतो आणि पाहणाऱ्याला ओरडण्याआधीच गप्प करण्याची संधी मिळते. सेटिंगमधून ही सोय बंदही करता येते, पण निदान पहिल्या खेळात ती चालू ठेवावी, कारण ‘दिसलो म्हणजे सगळे संपले’ ही धारणा तिच्यामुळे पुसली जाते.

शोधाशोधीची पायरी तर मला सर्वांत रंगतदार वाटते. शिपाई आपल्याला शोधत नसतात, आपण शेवटचे जिथे दिसलो ती जागा ते शोधत असतात. २०१० सालच्या ‘स्प्लिंटर सेल: कन्व्हिक्शन’मध्ये तर त्या जागी आपली फिकट आकृतीच काढून दाखवली जाते, आणि ती आकृती पाहत पाहत शत्रूला वळसा घालण्याचे तंत्र तेव्हाच अनेकांच्या अंगवळणी पडले. इतर गेममध्ये आकृती दिसत नसली तरी तर्क हाच असतो. त्यामुळे दिसल्याबरोबर सरळ रेषेत दूर पळू नये. नजरेआड होताच दिशा बदलावी आणि शक्य असेल तर शिपाई ज्या बाजूने निघाले त्याच बाजूला जाऊन बसावे, कारण आता ती बाजू ओस पडलेली असते. ज्या इमारतीत शिरणे एरवी अवघड होते, तिचे दार पुष्कळदा अशाच वेळी मोकळे सापडते.

म्हणून माझा नियम असा आहे की शोधाशोध पूर्ण संपेपर्यंत लोड करायचे नाही. ती संपल्यावर परिस्थिती खरोखरच बिकट असेल, तर खुशाल करावे. या सवयीचा सराव करायचा असेल तर ‘हिटमॅन’मधला २०२३ साली आलेला ‘फ्रीलान्सर’ हा प्रकार खेळा. त्यातल्या जागा ओपन-वर्ल्ड नाहीत, पण ओळखीच्याच नकाशात लक्ष्य दर वेळी वेगळे असते आणि मिशनच्या मध्ये सेव्ह करता येत नाही, त्यामुळे जे घडले ते निस्तरण्यावाचून गत्यंतर नसते.

अमावास्या (प्रतिसाद)

मी थोडा वेगळा सूर लावणार आहे. अनपेक्षित ते सगळेच आदराने स्वीकारावे, असे मला वाटत नाही. वर सांगितलेले नियमांचे गुंतणे वेगळे, आणि खेळाने स्वतःचेच नियम मिशनपुरते गुंडाळून ठेवणे वेगळे. २०१३ सालच्या ‘असॅसिन्स क्रीड ४: ब्लॅक फ्लॅग’मध्ये आख्खा समुद्र मोकळा दिलेला आहे, जहाजावर कसे चढायचे आणि किल्ला कसा घ्यायचा हे आपल्यावर सोपवलेले आहे, आणि तरीही पाठलागाच्या मिशनमध्ये समोरच्याला आपला सुगावा लागला की खेळ तेथेच थांबतो आणि आपल्याला मागे नेऊन ठेवतो. निसटण्याची, हूल देण्याची, पुन्हा लपण्याची जी कला बाकीच्या खेळाने शिकवली, तिला इथे वावच नाही. अशा मिशनमध्ये जुनी, बंदिस्त नकाशांची पद्धतच बरी. वाट पाठ करावी आणि लोड करताना मनाला काही लावून घेऊ नये.

‘फार क्राय २’चे (२००८) उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. त्यातल्या रस्त्यांवरच्या चौक्या साफ केल्या तरी आपण दूर जाऊन परत येईपर्यंत पुन्हा भरलेल्या असतात, आणि याबद्दल त्या गेमवर झालेली टीका मला योग्य वाटते, कारण आपल्या कष्टाची खूणच मागे उरत नाही. पण त्याच गेममधली आग पाहा. वाळलेल्या गवताला लागलेली आग वाऱ्याच्या दिशेने पसरते, शत्रूला वेढते आणि वारा आपल्याकडे असेल तर आपल्यालाही. बंदूक जुनी झाली की ऐन वेळी अडकते. या दोन्ही गोष्टी बेत उधळतात, तरी त्यांचा राग येत नाही, कारण वारा आपण पाहू शकलो असतो आणि बंदूक वेळेवर बदलू शकलो असतो. माझी कसोटी हीच आहे. जे घडले त्याची चाहूल आधी लागू शकत होती का? लागू शकत असेल तर पुढे खेळावे. चौकीतले शिपाई पाठ फिरवताच हवेतून उगवत असतील, तर त्या चौकीला वळसा घालून जाण्यात काहीच कमीपणा नाही.

काजवा

तिघांचेही मनापासून आभार. मदतीची वाट आधी तोडण्याचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. एक शंका राहते. ‘फँटम पेन’मध्ये आता जवळजवळ प्रत्येक शिपायाच्या डोक्यावर हेल्मेट दिसू लागले आहे आणि रात्री गेलो तर त्यांच्याकडे नाइट व्हिजनचे चष्मेही असतात. हे कथेच्या ओघात होणारच होते, की माझ्या खेळण्यामुळे झाले?

टेहळणीबुरूज

तुमच्या खेळण्यामुळेच झाले. हा गेम खेळाडूच्या सवयी टिपतो. सतत डोक्यात नेम धरला की हेल्मेट येतात, सतत रात्री शिरकाव केला की नाइट व्हिजन येते, गॅसचा वापर वाढला की मुखवटे येतात. अमावास्या यांच्या कसोटीला हा बदल पुरेपूर उतरतो, म्हणून मला तो या गेममधला सर्वांत चांगला विचार वाटतो. खेळाडू एकाच युक्तीवर विसंबून राहिला तर ती युक्ती हळूहळू बोथट होत जाते, आणि त्याला बाकीची हत्यारे हाताळून पाहावीच लागतात.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही एकदम करता येतात. मदर बेसवरून, म्हणजे खेळातल्या तुमच्या तळावरून, तुमच्या सैनिकांच्या तुकड्या मोहिमांवर पाठवता येतात, आणि त्यातल्या काही मोहिमा शत्रूचा हेल्मेटचा किंवा चष्म्यांचा पुरवठा तोडण्यासाठीच असतात. त्या यशस्वी झाल्या की काही काळ शिपाई पुन्हा उघड्या डोक्यांनी फिरतात. दुसरा उपाय म्हणजे दूरच्या नेमबाजीवरची भिस्त कमी करून शिपायाला मागून जाऊन पकडणे. हेल्मेट तेथे कामाचे नाही, बंदुकीचा आवाज दाबणारा सायलेन्सर झिजत नाही, आणि धरलेल्या शिपायाची चौकशी केली तर त्याचे साथीदार कुठे आहेत हेही कळते. त्यासाठी अर्थातच फार जवळ जावे लागते. बंदुकीचे रिकामे मॅगझिन फेकून त्याला गटातून बाजूला काढावे, तो आवाजाच्या जागेकडे पाहत असतानाच त्याच्या पाठीशी पोहोचावे, आणि मॅगझिन फेकण्याआधी ते पडेल त्या बाजूला दुसऱ्या कोणाची गस्त नाही एवढे पाहून घ्यावे.